सिरिलोपुढचा कबुलीजबाब

क्यूबातल्या सांतियागो दे कूबा शहराच्या उतारांवर जुन्या गाड्या थांबतात त्या सिरिलोच्या कृपेने, असं खुद्द सिरिलोचं मत होतं. बाकीचे मेकॅनिक नुसते पाने फिरवणारे, ब्रेक कळतो तो एकट्या ह्या महाराजांना! तीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक नाही. चुका काय त्या गिऱ्हाइकांच्या. ब्रेकच्या तेलाचा तुटवडा, त्यामुळे लोक ब्रेकमध्ये शाम्पूसुद्धा ओतायचे, हे खरंच. म्हणून गाडी आली की आधी सवाल, "ओतलंस काय?" कबूल केल्याशिवाय पान्याला हात नाही.

त्या मंगळवारी अल्सिदेस त्याची त्रेपन्न सालची टॅक्सी घेऊन आला. शेजारी बायको मिग्दालिया, तोंड फुगवून. आठवड्यापूर्वीच सिरिलोने ब्रेक करून दिले होते.

"उस्ताद, चार उतार झाले की चारही चाकं जाम. तासभर थंड झाली की मोकळी."

"अरे वा! ओतलंस काय?"

"शपथेवर सांगतो, काही नाही."

"मग गाडीनेच बाजारात जाऊन आणलं असेल. जा घरी."

गाडी उभी तर चूल बंद. अल्सिदेसने मान खाली घातली. "खायचं तेल ओतलं, उस्ताद. चुकलो."

"खायचं तेल?" मिग्दालिया कडाडली. "महिनाभर मी केळी उकडून वाढतेय, आणि तू मेल्या गाडीला तेल पाजतोस? आजपासून जेव तिच्याकडेच!"

बिचारा रडकुंडीला आला. सिरिलो मात्र खूश होऊन गाडीखाली सरकला. एका चाकाची हवा काढायची चावी सैल केली. तेलाची चिळकांडी उडाली, चाक सुटलं. पण चारही एकदम जाम, म्हणजे दोष मुख्य पंपात. पंप खोलला. आतलं रबर टम्म फुगून तेलाची परतीची वाट अडवून बसलं होतं. त्याने बोट बुडवून हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं. हा वास खायच्या तेलाचा नव्हता. हा त्याच्या घरातला वास होता, बायकोच्या शिलाई मशीनचा.

आत फळीवर त्याची रमची बाटली होती. तीत तो एरंडेल आणि अल्कोहोल घालून स्वतःचं ब्रेकचं तेल ठेवायचा. हुंगली. तोच वास. गेल्या आठवड्यात सर्दीने नाक बंद होतं, तशीच ओतली होती.

"नेरेइदा, ह्यात काय भरलंस?"

"मशीनचं तेल," आतून बायको म्हणाली. "बाटली रिकामी होती, घेतली. का रे?"

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? घाम पुसून तो बाहेर आला. "अल्सिदेस, तू काही ओतलं नाहीस. मी ओतलं. माझी चूक."

मिग्दालियाने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "मग कबूल कशाला केलंस रे?"

"काय करू? ह्यांच्यापुढे खरं बोललं की गाडी दुरुस्त होत नाही."

सिरिलोला एकेक चेहरा आठवायला लागला. तीस वर्षं त्याच्यापुढे माना खाली घालून गेलेली माणसं. त्यांतल्या कितींनी खरंच काही ओतलं होतं, हे आता त्याला कोण सांगणार होतं?