स्क्रीन धरून बसलेले इब्राहिमभाई

राजूरचे इब्राहिमभाई एसटीत ड्रायव्हर होते. घाटात गाडीला दणका बसला की ते थांबायचे, खाली उतरून गाडीभोवती चक्कर मारायचे आणि मगच पुढे निघायचे. प्रवासी कुरकुरायचे. इब्राहिमभाई ऐकून घ्यायचे, पण चक्कर अर्धी सोडायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर घरात तपासण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

एका सकाळी त्यांची मुलगी अलिझा लॅपटॉप घेऊन गच्चीवर निघाली. घरात रेंज यायची नाही आणि दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती, सुप्याच्या एका कारखान्यातल्या ऑफिसच्या नोकरीसाठी. जिन्यात चार्जरची वायर पायात आली. अलिझा कठडा धरून सावरली. लॅपटॉप पायऱ्यांवरून आपटत अंगणात गेला.

इब्राहिमभाई चहा खाली ठेवून उठले आणि लॅपटॉपभोवती फिरले.

"लगीच चालू नको करू," ते म्हणाले. "आधी अंग बघू."

"तेच करतेय, अब्बा."

तिने तो उलटा केला. एक कोपरा चेपला होता. बॅटरीकडची बाजू फुगलेली नव्हती. हलकेच हलवला, आत काही खुळखुळलं नाही. मग तिने वास घेतला. जळकट काही नव्हतं. इब्राहिमभाईंनीही वास घेतला. डिझेलचा नाही, एवढं ते खात्रीने सांगू शकले.

लॅपटॉप चालू झाला. स्क्रीनवर रेघा नव्हत्या. अलिझाने आधी आपली कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून घेतली, न जाणो पुन्हा बंद पडला तर. मग एकेक बटण दाबून पाहिलं, आवाज, कॅमेरा, चार्जिंग पाहिलं. सगळं ठीक होतं. फक्त बिजागरी तुटली होती. स्क्रीन एक तर मागे पडायची, नाहीतर मिटायची.

"मागं वीट लावू," इब्राहिमभाई म्हणाले.

"काच तडकेल."

"मग मी धरतो."

दुपारी गच्चीवर मुलाखत सुरू झाली. इब्राहिमभाई लॅपटॉपच्या मागे बसून एका हाताने स्क्रीन धरून होते. प्रश्न इंग्रजीत होते. त्यांना त्यातलं थोडंच समजलं, पण मुलगी कुठे अडखळत नाही हे कळत होतं. तिला सलग इतकं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ऐकण्याच्या नादात हात सैल पडला.

"अलिझा, आम्हाला नुसतं आभाळ दिसतंय," समोरच्या बाई मराठीत म्हणाल्या. स्क्रीन पुन्हा सरळ झाली. "सोबत कोणी आहे का?"

अलिझा म्हणाली, "वडील आहेत. सकाळी लॅपटॉप जिन्यावरून पडला. बिजागरी तुटलीय, म्हणून ते स्क्रीन धरून बसलेत."

"बाकी नीट आहे?"

काय काय तपासलं ते तिने सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

"ठीक आहे. वडिलांना म्हणावं, अधूनमधून हात बदला."

इब्राहिमभाईंनी हात बदलला. मुलाखत पुढे चालली.

नोकरी मिळाली. रुजू व्हायच्या दिवशी इब्राहिमभाई तिला पोचवायला निघाले. स्टँडवर ड्रायव्हरने ओळखून त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"नको," ते म्हणाले. "आज मागं बसतो." आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसले.