खर्चे काकांची शुगरची पावडर

“इन्सुलिन सोडून काहीबी द्या, मॅडम. सलाईन लावा, ऑक्सिजन लावा, अजून महागाचं इंजेक्शन असंन तं तेही लावा. पण इन्सुलिन मी घेत नाई.”

एवढं बोलायला खर्चे काकांना मध्ये तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला. ऑक्सिजन नव्वदच्या खाली होता. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग दिसत होते. इन्फ्लुएंझाची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे आपला नेहमीचा फ्लू, फक्त तो छातीत उतरला होता. आणि शुगर होती चारशे अठ्ठावीस.

मी मलकापूरला फिजिशियन आहे. म्हणजे कापाकापी न करता गोळ्या-इंजेक्शनांवर भागवणारी डॉक्टर. माझ्या ओपीडीत निम्मी गर्दी शुगरवाल्यांची असते. या निम्म्या गर्दीतली बरीच मंडळी गेल्या दोन वर्षांत कमी झाली होती, आणि त्याचं कारण आता माझ्यासमोर धापा टाकत बसलं होतं.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आवाज अजून स्टँडवरचाच. जांभळाच्या बिया, मेथ्या आणि वाळवलेलं कारलं यांची पावडर खाऊन आपली शुगर कायमची गेली, असं त्यांनी एके दिवशी जाहीर केलं. सकाळी त्यांच्यासोबत फिरायला येणाऱ्यांनी त्यांचा ‘मधुमेहमुक्त’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि त्या आनंदात सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हापासून काका गावभर पावडर वाटत होते. एक पैसा घेत नव्हते, म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. मी पैसे घेत होते.

“काका, शुगर सव्वाचारशेच्या वर आहे,” मी म्हटलं.

“ते तुमच्या सलाईननं वाढली.”

“सलाईन अजून लावलेलंच नाही.”

“मंग तुमचं मशीन खराब असंन.”

मी त्यांना समजावून सांगितलं. विषाणूशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागतात. शुगर एवढी चढली की त्या सुस्तावतात, लग्नात जेवून मंडपातच आडव्या झालेल्या पाहुण्यांसारख्या. वर ताप आला की शरीर आपणहून शुगर वाढवतं. म्हणजे आजारानं शुगर वाढते आणि शुगरनं आजार वाढतो. एकाच फ्लूनं दोघं दाखल झाले, तर शुगर मोकाट असलेला माणूस आयसीयूत जायची भीती जास्त असते. आणि या अवस्थेत गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, इन्सुलिनच लागतं.

काकांनी सगळं नीट ऐकलं आणि दाराकडे बोट दाखवलं. बाहेर बाकावर त्यांची फिरायची मंडळी बसली होती. सगळ्यात पुढे गादी कारखानेवाले रऊफभाई. सत्काराची शाल यांनीच काकांच्या खांद्यावर घातली होती.

“त्याईले काय सांगू? खर्चेले इन्सुलिन लागलं म्हनून?”

शुद्धीवर असलेल्या माणसाला जबरदस्तीनं सुई टोचता येत नाही. मी बाकीचे उपचार सुरू केले आणि एक तपासणी पाठवली, एचबीएवनसी. तीन महिन्यांत शुगर सरासरी कशी होती, ते त्यात कळतं. आजची शुगर काही कारणानं वाढली म्हणता येईल, पण तीन महिन्यांचं खोटं बोलता येत नाही. आता काका सापडतात, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर जरा आनंदच झाला होता.

रिपोर्ट आला सहा पॉइंट आठ. माझ्याकडून इमानेइतबारे गोळ्या नेणाऱ्या कितीतरी लोकांचा एवढा चांगला येत नाही.

“पाहा!” मास्कच्या आतून काका म्हणाले. “मी काय सांगून राह्यलो होतो? पावडर!”

मी रिपोर्ट पुन्हा करायला लावला. तोच आला. इतकी वर्षं शिकून, परीक्षा देऊन मी मेथ्यांपुढे हरले होते. आमच्या वंदना सिस्टरनं तर मला हळूच विचारलं, “मॅडम, माह्या आईले चालू करू का वो पावडर?”

दुसऱ्या दिवशी मात्र काकांचा ऑक्सिजन आणखी घसरला. शुगर उतरायचं नाव घेईना. व्हेंटिलेटर लागेल अशी चिन्हं होती, आणि तो आमच्याकडे नाही. मी अकोल्याला फोन करून बेडची चौकशी केली आणि शकुंतलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बाहेर बोलावलं. पेशंट हातचा जातोय, हे नातेवाइकांना सांगायची एक ठरलेली भाषा असते. ती मी सुरू केली. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

“मॅडम, पावडरीत काई नाई. गोळी आहे त्याच्यात.”

“कसली गोळी?”

“तुमचीच. पयले तुम्ही देत होत्या तेच, शुगरची. मी मेडिकलमधून आनते, खलबत्त्यात कुटते आन् त्याईच्या पावडरीत टाकते. दोन्ही टाइम. कारलं कडू, गोळीबी कडू. कोनाले कळते?”

“काकांना न सांगता?” मी विचारलं.

“मंग काय करू? त्याईनं सत्काराच्या दिवशी गोळ्या फेकून देल्या. माह्या सासऱ्याचा पाय शुगरनं सडला होता, मॅडम. कापेपर्यंत मीच धुतला. अजून एक पाय नाई धुवाचा मले.”

आता सगळा उलगडा झाला. ताप आल्यावर काकांचं तोंड कडवट झालं, त्यांनी पावडर बंद केली आणि पावडरीबरोबर गोळीही बंद झाली. आधीचे महिने छान होते, म्हणून सरासरी छान आली. वर फ्लू आला आणि शुगरला मोकळं रान मिळालं.

नवऱ्याला न सांगता असं औषध देणं बरोबर नाही, वेळप्रसंगी जिवावर बेततं, हे मी काकूंना सांगायला हवं होतं. ते मी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

“त्यांना हे सांगावं लागेल, काकू.”

“मीच सांगते. आता बरं आहे, तोंडावर मास्क आहे.”

काकूंनी पदर खोचला आणि कॉटशेजारी उभं राहून नवऱ्याला सगळं सांगितलं. काकांच्या भुवया वर गेल्या, हात वर गेला, मास्कमध्ये वाफ दाटली. पण भांडायला श्वास पुरत नव्हता. शेवटी त्यांनी मास्क थोडा उचलला.

“दोन वर्सं?”

“दोन वर्सं.”

काकांनी डोळे मिटून घेतले आणि सिस्टरच्या दिशेनं दंड पुढे केला.

इन्सुलिननं शुगर हळूहळू ताब्यात आली आणि फुप्फुसांनाही दम मिळाला. अकोल्याचा बेड दुसऱ्या कोणाच्या तरी कामी आला. काका खुर्चीत बसून बाहेरच्या मंडळींना हात करू लागले तेव्हा मला पहिल्यांदा त्या मंडळींची काळजी वाटली. काकांच्या पावडरीत निदान गोळी होती. यांच्या पावडरीत खरोखरच पावडर होती.

मी रऊफभाईंना आत घेतलं आणि काकांच्या देखत त्यांची शुगर तपासली. तीनशे नव्वद.

“ऐसा कैसा?” रऊफभाई घाबरले. “खर्चे साहेब, मी तं तुमची पावडर एक दिवस नाई चुकवली. गोळ्या कवाच्याच सोडल्या.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काकांच्या खांद्यावरची सत्काराची शाल आता उतरणार होती, आणि ती त्यांनी स्वतःच उतरवायची होती.

काका खाकरले. “रऊफभाई, माह्याकून एक गोष्ट सांगाची राह्यली. आपल्या पावडरीत एक जिन्नस अजून लागते. त्याच्याशिवाय ते कामच करत नाई.”

“कोनती?”

“ते या मॅडमपाशी भेटते. आन् सगळ्याईले सांगजा. ज्यानं ज्यानं पावडर नेली, त्यानं इथंच याचं.”

काकूंनी कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना, पण मी लगेच प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं.

पुढच्या आठवड्यापासून माझी ओपीडी पुन्हा भरली. माणसं यायची आणि आवाज खाली करून म्हणायची, “खर्चे काकाच्या पावडरीतली ते गोळी द्या.” इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत होते, गोळ्या सोडू नका. ऐकलं कोणी नाही. आता सगळे वेळेवर घेतात. गोळी कुटू नका, आख्खी गिळा, एवढंच मी सांगते. पावडर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही.

काका दर महिन्याला तपासणीला येतात. गोळी आता उघड घेतात, पण काकूंच्या समोर, आणि काकू तोंड उघडून दाखवायला लावतात.

मी या प्रकरणातून एवढंच शिकले. नव्या पेशंटची माहिती घेताना आधी काय आजार होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं मी आजही पेशंटलाच विचारते. मग घरी स्वयंपाक कोण करतं ते विचारते, आणि त्या माणसाला बाहेर बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारते.