अक्काची रेंज

उन्हात तापलेल्या काळ्या वायरचा वास आला की मला निर्णा गावात दिलेली अक्का आठवते. माझी थोरली बहीण. घरात रेंज नसायची, म्हणून दर रविवारी गच्चीवर चढून ती मला भालकीला फोन करायची. बोलताना धापा टाकायची. विचारलं की म्हणायची, "पायऱ्या चढून आले बघ." मला ते पटायचं. शेवटी मीच एक अँटेना घेऊन गेलो. दिवसभर खपून तो गच्चीवर लोखंडी पाइपला बांधला, वायर भिंतीतून आत घेऊन बूस्टरला जोडली. बाजेवर बसल्या बसल्या मोबाइलवर चार काड्या दिसल्या, तशी अक्का खुदकन हसली. पुढच्या रविवारी तिचा आवाज अगदी स्वच्छ आला आणि दर दोन शब्दांमागे धापही. "अक्का, गच्चीवर कामून गेलीस?" "न्हाई रे, बाजंवरच बसलेय." मग मी विचारलं, "कवापासून व्हायलंय असं?" "वरीस झालं. तू उगं काळजी करतूस." दुसऱ्याच दिवशी तिला बीदरला नेलं. हृदय थकलंय, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीआधीच ती गेली. अँटेना बसवताना मी अख्खा दिवस तिच्या घरात होतो. रेंजच्या काड्यांकडे बघत होतो. तिच्याकडे नीट बघितलंच नाही, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.