भिंतीवरच्या बाईचं नाव

मंठ्याच्या शाळेच्या भिंतीवर गावच्या जुन्या नाटकांची चित्रं काढायचं ठरलं, तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन जालन्याहून मोठ्या बाबांकडे राहायला आले होते. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. पूर्वी गणपतीत गावातले लोकच नाटक बसवायचे, बायकांची कामंही पुरुषच करायचे. ज्यांच्याकडे फोटो असतील त्यांनी ते पेंटरला नेऊन द्यायचे होते.

मोठ्या बाबांनी कपाटातून एक फोटो काढला. नऊवारी नेसलेली, मान खाली घातलेली देखणी बाई. ते स्वतःच होते.

"तूच घेऊन जा," ते म्हणाले. "कोणाचा हाय ते सांगू नको. दुसऱ्या कोणाच्या पोटात राह्यचं न्हाई."

माझ्या कमी बोलण्याचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

एवढं लपवायचं काय, ते मोठ्या आईनं गहू निवडताना सांगितलं. बाप हयात असताना मुलानं मिशी काढायची नाही. मिशी दिसली नाही की लोक समजायचे, घरात मयत झालं. मोठ्या बाबांनी नाटकासाठी मिशी उतरवली आणि दुसऱ्याच दिवशी वाटूरच्या दोघा पाहुण्यांनी त्यांना बाजारात लांबून पाहिलं. दोघं तडक घरी दुखवट्याला आले. ओट्यावर आजोबा स्वतः बसलेले.

"मंग चहा सांगितला कोणी? मयतानंच," मोठी आई हसली. सुपातले दोन खडे बाजूला टाकून म्हणाली, "तवापासून मामंजी ह्यांच्याशी बोलले न्हाईत. जाईपर्यंत."

पेंटर एरवी बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती रंगवायचा. त्यानं फोटो निरखून पाहिला. "ताई, ही कोण? खाली नाव टाकायचंय."

"माहीत नाही," मी म्हणाले. सांगितल्याप्रमाणेच वागत होते, पण ते इतकं सहज निघालं की मला स्वतःचाच थोडा राग आला.

चित्र छान उतरलं. बाकीच्या नटांखाली नावं आली, हिच्याखाली जागा कोरी राहिली. मोठे बाबा रोज समोरच्या हॉटेलात भिंतीकडे पाठ करून चहा घ्यायचे आणि लोक काय बोलतात ते ऐकायचे. आठवडाभरानं ते जेवायला बसले, पण ताटाला हात लावला नाही.

"जालन्याहून भाड्यानं आणलेली बाई होती म्हने ती. सगळेच म्हणून राह्यलेत."

"बरंच की," मोठी आई म्हणाली. "भाव वाढला तुमचा."

ते हसले नाहीत. "त्या कामासाठी घरातलं बोलणं गेलं माझं. अन् ते काम आता भाड्याच्या बाईचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाव लिही. उद्या देऊन ये."

मी वहीचं पान फाडून लिहिलं. शाळेत लिहायची सवय होती तसंच, त्यांच्या आणि आजोबांच्या नावाचं एकेक अक्षर, मग आडनाव. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"मधलं कुठंय?"

"हे अक्षर म्हणजे आजोबाच."

"एवढेच? सगळं लिही."

मोठी आई वाढता वाढता थांबली. "मामंजींचं नाव त्या लुगड्याखाली? चाललं असतं का त्यांला?"

"बोलले असते तर विचारलं असतं," मोठे बाबा म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.

सकाळी पेंटर शिडीवरून म्हणाला, "आता आठवलं व्हय ताई?" मी कागद पुढे केला. त्यानं भिंतीवर वितीनं माप घेतलं. "तीन शब्द बसत न्हाईत. मधलं काढू का?"

"आडनाव काढा," मी म्हणाले. रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं, एवढा माझा आवाज चढला होता. "मधलं राहू द्या."

"आडनावाबिगर कोण वळखंल?"

"ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील."

त्यानं खांदे उडवले आणि ब्रश बुडवला. मोठे बाबा हॉटेलातून उठून कधी आले, कळलं नाही. पहिलं नाव झालं. दुसरं सुरू झाल्यावर ते भिंतीच्या अगदी जवळ गेले.

"हात लावू नका, ओलं हाय," पेंटर म्हणाला.

"वाळायला किती टाइम लागंल?"

"तासभर तरी."

मोठे बाबा तिथेच उन्हात उभे राहिले.