शुद्धासुराशी लढलेली मंदा

मंदाच्या शोकसभेत आमच्या शाळेतले सर बोलायला उभे राहिले तेव्हा मला वाटलं, दोन शब्द बोलून बसतील. सुरतेतल्या पांडेसऱ्यात, मराठी समाजाच्या त्या लहानशा हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पुढे सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि भिंतीला टेकून मंदाची आई, सुमनमावशी. सरांनी घसा खाकरला. "मंदाकिनी माझी अतिशय लाडकी विद्यार्थिनी," ते म्हणाले. "अवघ्या तेविशीत कावीळ तिला घेऊन गेली. पण मुलगी मनानं फार मोठी. आमच्यात पूर्वी थोडे गैरसमज झाले होते, पण जाण्यापूर्वी तिनं मला क्षमा केली. तिच्या मनात कुणाविषयी काहीच उरलं नव्हतं..." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. सुमनमावशी उठली, चपला पायात सरकवल्या आणि हॉलमधून निघून गेली. तिच्या मागोमाग मीही उठले.

आज काही आठवडे उलटल्यावर मी हे लिहायला बसले आहे ते एवढ्याचसाठी. मंदाला मी पाचवीपासून ओळखत होते. तिनं क्षमा केली नव्हती. सरांचं नाव मी लिहिणार नाही. पांडेसरा, बमरोली, भेस्तान या भागात मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते लिहायची गरज पडणार नाही.

माझे वडील बँकेत होते, मंदाचे कापडाच्या लूमवर. आमच्या घरी पुण्याकडची मराठी, त्यांच्या घरी अहिराणी. रस्त्यावर गुजराती, दुकानात हिंदी. मंदा चारही भाषा बोलायची, आणि नुसत्या भाषा नाहीत, माणसं बोलायची. भाजीवाला, कंडक्टर, शेजारची ओरिसाची काकी, सगळे तिच्या गळ्यातून बाहेर पडायचे. तिचा आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा होता. चणीनं बारीक, वेणी घट्ट, आणि बोलायला लागली की मागच्या गल्लीतली माणसं खिडकीतून डोकवायची. फक्त तिला लांबचं नीट दिसायचं नाही. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, कारण आमच्या शाळेत पुढचे बाक कुणाचे हे न बोलता ठरलेलं असायचं.

नववीत असताना सुमनमावशी शाळेत आली. घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करायची ती. त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन थेट आमच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. सर गणित घेत होते. "सर, मनी पोर हुशार शे," ती म्हणाली. "तिले दूरनं दिसत नही. तिले पुढे बसाडा." एवढंच. सरांनी खडू खाली ठेवला. रुमाल काढून पदरासारखा डोक्यावर घेतला आणि मान वेळावत, आवाज बारीक करून म्हणाले, "म-नी पोर... हुश्शार शे... पुढे ब-सा-डा!" वर्गात हशा फुटला. सर रुमाल घडी करत म्हणाले, "शुद्ध बोला बाई, शुद्ध! ही शाळा आहे, मार्केट नाही." मावशी "हो सर" म्हणाली. माझ्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती म्हणून मंदा माझ्याजवळ बसली होती. तिनं बाकाखाली माझं मनगट धरलं होतं. ती रडली नाही. ती सरांच्या तोंडाकडे बघत होती, डोळे बारीक करून, एखादी लांबची पाटी वाचावी तशी. पुढे कितीतरी दिवसांनी मला कळलं की ती तेव्हा त्यांचा घसा, त्यांची मान, त्यांचं ते 'शुद्ध' पाठ करत होती.

मंदाला पुढचा बाक मिळाला नाही. आणि मावशीनं घराबाहेर बोलणं सोडलं. भाजी घेताना ती बोट दाखवायची. बसमध्ये मंदाला पुढे करायची. एकदा किराणा दुकानात तिनं गूळ मागितला नाही म्हणून सणाच्या पोळ्या करायच्या राहिल्या, तेव्हा मंदा मला म्हणाली, "शुभे, माझ्या आईचा आवाज त्या माणसानं खिशात घालून नेलाय. मी तो काढून घेणार." मला वाटलं, रागात बोलते आहे.

आमची दहावीची परीक्षा झाली, त्या सुट्टीत किरीटभाईंकडे कॅसेटी आल्या. किरीटभाई म्हणजे आमच्या भागाचे केबलवाले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा सगळा पसारा होता आणि एका चॅनलवर ते स्वतः व्हीसीआर लावून काय हवं ते दाखवायचे. त्यांचे मेहुणे मोत्यांच्या धंद्यासाठी जपानला असत. त्यांनी मुलांसाठी म्हणून खोकंभर कॅसेटी पाठवल्या होत्या, तिथल्या टीव्हीवरून भरलेल्या. सगळ्या एकाच कार्टूनच्या. डोंगराएवढा लोखंडी यंत्रमानव, त्याच्या पोटात, हातात, पायात बसून त्याला चालवणारी आमच्याच वयाची मुलं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्यावरून पृथ्वी गिळायला आलेले मुखवटेवाले शत्रू. जपानात त्याचं म्हणे भारी वेड होतं. एक मालिका संपली की त्याच यंत्रमानवाची दुसरी सुरू, नवी मुलं, नवे शत्रू, दुकानांत त्याची खेळणी. इथं मात्र अडचण अशी की सगळं जपानी भाषेत. पोरं मारामारी बघायची आणि बोलणं सुरू झालं की उठून खेळायला जायची.

आमच्या टीव्हीवर चित्र थरथरत होतं, ते सांगायला मी आणि मंदा गच्चीवर गेलो. पडद्यावर तेव्हा शत्रूचा सम्राट उभा होता, शिंगांचं शिरस्त्राण, लांब झगा, हात वर करून काहीतरी लांबलचक बोलत होता. मंदा पडद्याला नाक लावून बघत राहिली. मग तिनं घसा खाकरला. मी दचकले, कारण सर खोलीत आल्यासारखं वाटलं. "शुद्ध बोलो!" सम्राटाच्या ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवत ती म्हणाली. "ए धरती के गंवार बच्चों, पहले शुद्ध बोलो, फिर शरण आओ!" किरीटभाई खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. "बोल बेटा, बोल! मजा आवे छे!" त्यांनी नवरात्रीचा माईक शोधून काढला, मशीनला कशी काय ती वायर जोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्या भागातल्या घराघरांत मंदाचा आवाज ऐकू येऊ लागला.

यंत्रमानवाचं नाव तिनं ठेवलं डोंगऱ्या. सम्राट झाला शुद्धासुर. उजव्या मुठीत बसणारी मुलगी होती, तिला तिनं आईचं नाव दिलं, सुमन. बाकीचं हिंदीत, कारण बघणारी पोरं ओरिसा-बिहारचीही होती. पण सुमन चिडली की अहिराणीत बोलायची. "ये तू, दखाडसू तुले!" असं ती ओरडली की डोंगऱ्याची मूठ सुटायची आणि शुद्धासुराची विमानं भाजलेल्या पापडासारखी चुरा व्हायची. कॅसेट बदलली आणि मुलं एकदम निराळी दिसली तर मंदा न अडखळता सांगायची, "पहिली पोरं लग्नाला गावी गेलीत, आता ही बघा." ती हे हसत करायची नाही, हे मात्र सांगायला हवं. एकदा माईक बंद केल्यावर म्हणाली, "शुभे, ह्या पंधरा वर्षांच्या पोरांना लढायला का जावं लागतं? मोठी माणसं कुठं असतात गं तेव्हा?"

महिनाभरात 'शुद्ध बोलो' गल्लीगल्लीत पोचलं. सर स्कूटरवरून निघाले की कुठल्यातरी ओट्यावरून खाकरल्याचा आवाज यायचा, समोरच्या गॅलरीतून उत्तर यायचं, "शुद्ध बोलोऽऽ!" पोरांना ठाऊकही नव्हतं की खरा माणूस कोण. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की हा माणूस शुद्धासुरासारखा खाकरतो! मी मंदाला विचारलं, "आता पुरे ना?" ती म्हणाली, "आई पुरे म्हणेल तेव्हा."

आणि एका दुपारी सर गच्चीवर आले. खेळ चालू होता. त्यांनी दारात घसा खाकरला, तो माईकनं उचलला, आणि घरोघरी पोरांना वाटलं की शुद्धासुर आला. किरीटभाई बटणाकडे धावले. मंदानं त्यांचा हात धरला. सर तिच्याकडेच बघत होते, त्यांना माईकचं भान नव्हतं. "लाज वाटत नाही?" ते म्हणाले. "गिरणीतली ती घाणेरडी बोली घराघरात ओततेस? तुम्हा लोकांना माणसात आणायला आम्ही जन्म घालवला, आणि तुम्ही राहणार त्याच गटारात! तुझी आई तशीच, तू तशीच..." बोलत राहिले. पडद्यावर डोंगऱ्या एक हात वर करून उभा होता. मंदानं नुसता माईक थोडा त्यांच्याकडे सरकवला.

खाली दारं उघडल्याचे आवाज आले. मग जिन्यावर चपला. बमरोली रोडच्या त्या चाळींत बहुतेक घरं खान्देशातली. धुळे, शिरपूर, अमळनेर. बायका कापलेले धागे अंगाला चिकटलेले तशाच वर आल्या. सर्वांत पुढे सुमनमावशी. तिला गच्चीवर धाप लागली होती. ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मी तिचा आवाज ऐकला, घराबाहेर, कितीतरी काळानं. "सर, त्या दिन मनी नक्कल करेल व्हती ना तुम्ही, ती परत करा," ती म्हणाली. "आते सगळा लोके आयकी राह्यनात. करा."

सरांनी बायकांकडे पाहिलं, माईककडे पाहिलं. "करा ना," मावशी पुन्हा म्हणाली, अगदी हळू. "रुमाल शे ना खिसामा?" सर वळले. बायकांनी जिन्यावर वाट दिली, पण जेवढी लागते तेवढीच. प्रत्येकीपासून अंग चोरत त्यांना उतरावं लागलं. गच्चीवर कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी मावशी स्वतः दुकानात गेली, आणि काय हवं ते तोंडानं मागून आली.

इथं गोष्ट संपली असती तर मला आज लिहावं लागलं नसतं. पण सर शाळेचे मुख्याध्यापक झाले होते, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातात होता. मंदा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दाखल्यावर शेरा आला, 'वर्तणूक असमाधानकारक'. त्या एका ओळीमुळे तिला कुठंच प्रवेश मिळेना. माझे वडील रदबदलीसाठी गेले, तेव्हा सर चहा पाजून म्हणाले, "शिस्तीचा प्रश्न आहे." किरीटभाईंवरही कुठून कुठून दडपण आलं, कॅसेटी बंद झाल्या. मी कॉलेजात गेले. मंदा रिक्षात बसून साड्यांच्या सेलची जाहिरात करू लागली, भोंगा टपावर, माईक हातात. भेस्तानपासून पार शहराबाहेरच्या कामरेजपर्यंत तिचा आवाज फिरायचा. आणि कुठलाही सेल असो, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळेला रिक्षा शाळेच्या भिंतीपाशी हमखास हळू व्हायची. तिथं ती हिंदी सोडून द्यायची. "ह्या वं माय, दखा वं बहीन!" असं तिचं सुरू झालं की मैदानात रांगेत उभी असलेली पोरं हसू दाबायची आणि सरांना प्रार्थना थांबवावी लागायची. वर्षानुवर्षं तिनं हे केलं. पावसात, तापात, पुढे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हाही. मी म्हणायचे, "मंदे, सोड आता." ती म्हणायची, "त्यांनी माझा दाखला सोडला का?"

सरकारी दवाखान्यात सर तिला भेटायला आले, तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मोसंबी आणली होती. ते म्हणाले, "झालं गेलं विसरून जा, मुली. माझ्याही वयाचा विचार कर." मंदाचा आवाज तोवर खोल गेला होता. तिनं मला खूण केली, मी तिला टेकवून बसवलं. "सर," ती म्हणाली, इतक्या स्वच्छ प्रमाण मराठीत की सर चमकले, "मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. करणारही नाही. बाहेर जाऊन केली म्हणून सांगाल, तर ते खोटं असेल. शुभा ऐकते आहे." सरांनी मोसंबी टेबलावर ठेवली आणि गेले. मंदानं ती शेजारच्या खाटेवर द्यायला लावली. दोनच दिवसांत ती गेली.

म्हणजे शोकसभेत बोलताना सरांना सगळं माहीत होतं. सभेत आपल्याला कुणी खोटं पाडणार नाही, याचीही त्यांना खात्री असेल. सर रोज सकाळी पेपर वाचतात आणि रविवारची पुरवणी तर लाल पेन घेऊन, ऱ्हस्वदीर्घ तपासत. हा लेख त्याच पुरवणीत यायचा आहे, म्हणून मी संपादकांना विनंती केली आहे की यातलं अहिराणी आहे तसंच छापा.

काल मी हा लेख सुमनमावशीला वाचून दाखवायला गेले. घराला नुकताच चुना दिला आहे, भिंती पांढऱ्याशुभ्र. फक्त खिडकीजवळ, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, एक तेलकट डाग ठेवलेला. मंदा तिथं भिंतीला कपाळ लावून बोलायची. म्हणायची, भिंत आवाज परत देते, मग चूक कळते. रंगाऱ्याला मावशीनं तेवढी जागा सोडायला लावली. मी वाचत होते आणि ती गुडघ्यावर साडी घेऊन धागे कापत होती. शेवटपर्यंत आले तेव्हा कात्री थांबली.

"माफ करेल नही, हाई लिखं ना?"

"लिहिलं, मावशी."

"बरं." ती उठली, त्या डागापाशी गेली, कपाळ टेकवलं आणि भिंतीला म्हणाली, "आयकनं का वं, मंदा? लिखं तिनी."