धड्यातलं दूध

शेजारणीची मुलगी मोठ्याने वाचायला लागली की मी आमची खिडकी लावून घ्यायचे. सातपूरला आमच्या घरांच्या भिंती इतक्या पातळ, की तिला मिळालेली शाबासकीही आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. माझा मुलगा तिच्याच वर्गात होता, तिसरीत, आणि तोही दुसऱ्यांदा. त्याला दोन अक्षरं जोडून वाचता येत नव्हती. मी जळायचे, खोटं कशाला बोलू?

पोरगं मठ्ठ असतं तर एक वेळ नशिबाला बोल लावला असता. पण बाजारात भाजीवालीच्या आधी याचा हिशोब तोंडी तयार. ओझरचं विमान डोक्यावरून गेलं की विचारायचा, वळताना ते एका अंगावर का कलतं? याचे वडील तिथल्याच विमानांच्या कारखान्यात, पण त्यांनाही सांगता यायचं नाही. धडा एकदा कानावर पडला की याच्या डोक्यात पक्का. म्हणून संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी पुस्तक वाचायचे आणि तो ओट्याला टेकून ऐकायचा. शाळेत पुस्तक समोर धरून तेच घडाघडा म्हणून दाखवायचा. पेपर मात्र कोरा. शाळेचं म्हणणं, पोरगं आळशी आहे.

शेवटी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. यंदाही नापास झाला तर दाखला घेऊन जा, म्हणाले, एखाद्या गॅरेजात तरी लागेल. मी म्हटलं, त्याची परीक्षा तोंडी घ्या. तसा नियम नाही, म्हणाले. मग मी दर शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला त्यांच्या दाराशी जाऊन बसायला लागले. शिपाई कंटाळला, मी नाही कंटाळले.

एका शनिवारी वैतागून त्यांनी जिल्ह्याच्या भूगोलाचं पुस्तक पोराच्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. पोरगं सुरू झालं. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, पुढे गंगापूरला तिच्यावर धरण आहे, अगं बाई, दूध उतू चाललं, थांब हं, या धरणाचं पाणी शेतीला मिळतं. अगदी माझ्या आवाजात, माझ्या घाईसकट.

हेडमास्तर आधी हसले, मग चिडले. हा वाचत नाही, पाठ म्हणतोय, शुद्ध फसवणूक आहे, म्हणाले. लाजेने माझे कान तापले होते, पण तोंड काही गप्प बसलं नाही.

"सर, एकदा ऐकून ज्याला माझं दूधसुद्धा पाठ झालं, तो ढ कसा हो?"

कोपऱ्यात नव्याने आलेल्या एक बाई पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. याची वार्षिक परीक्षा मी तोंडी घेते, म्हणाल्या, आणि तोवर शाळा सुटल्यावर तासभर बसवते. हेडमास्तर कसेबसे कबूल झाले. तोंडी पास झाला तर राहील, नाही तर दाखला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, चार दिवस. मग घरात 'आमच्या बाई' सुरू झालं. बाईंनी परातीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढायला शिकवली. रवा माझ्या डब्यातला, परात माझी, पोरगं माझं, आणि कौतुक बाईंचं. विमान का कलतं ते मलाही माहीत नाही, आपण शोधू, असं बाई म्हणाल्या तर हा दिवसभर खूश. तेच मी इतकी वर्षं सांगत होते तेव्हा तोंड फिरवून निघून जायचा. संध्याकाळी पुस्तक काढलं की म्हणायचा, तो धडा झालाय बाईंचा. शेजारणीवर जळणं परवडलं, ती निदान माझ्या पोराला हात लावत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी उभी होते. हेडमास्तर स्वतः येऊन बसले आणि मुद्दाम तोच धडा विचारला. पोरगं सावकाश बोलत गेलं, प्रत्येक वाक्यानंतर थांबत, मधूनच 'बरं का' म्हणत, हुबेहूब बाईंसारखं. गोदावरी आली, गंगापूर आलं, धरण आलं, धरणाचं पाणी शेतात गेलं. कुठेच काही उतू गेलं नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली, राहू दे म्हणाले.

बाईंना मी पेढे दिले. कष्ट तुमचे आहेत ताई, त्या म्हणाल्या. फार उपकार झाले, मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण पोरगं त्यांचा पदर धरून उभं होतं, आणि मी आतून नुसती जळत होते.

घरी येताना राहवलं नाही. विचारलंच.

"काय रे, आपलं ते दूध कुठे गेलं?"

"ते पुस्तकात नाहीये."

"बाईंनी सांगितलं वाटतं?"

"नाही गं आई," तो म्हणाला, "मी वाचलं."