पुदिन्याची जेली आणि वानखेड्यांची झाकणं

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एकटं राहायला लागलं की ते आपोआप साठतात, कारण झाल्या झाल्या सांगायला घरात कुणी नसतं! माझ्याकडे तर नुसत्या जॅम-जेलीचेच इतके साठलेत, की फळीवर बाटल्या कमी आणि किस्से जास्त.

मी पोस्टात नोकरी केली, लग्न केलं नाही आणि आता प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. आठवडा कसाही जातो. भाजी, बँक, दातांचा डॉक्टर. रविवार मात्र जाता जात नाही. सगळ्यांच्या घरी माणसं असतात आणि माझ्या घरी टीव्ही. त्यात माझा स्वभाव असा, की "सहज या ना घरी" हे मला कुणाला म्हणता येत नाही. काम असेल तर हक्कानं बोलावीन. काम नसेल तर जीभ उचलत नाही. म्हणून मी रविवारचा जॅम-जेलीचा क्लास लावला.

*

क्लासमध्ये सगळ्या तरुण पोरी. कुणाला बिझनेस काढायचा होता, कुणाला व्हिडिओ. शिकवणाऱ्या मॅडमनी भराभर ग्रुप पाडले आणि उरलेल्या तिघांना कोपऱ्यातल्या शेगडीवर ढकललं. एक मी. दुसऱ्या पुष्पाताई, माहेर काटोलचं, भावाची संत्र्याची बाग, मुलगा पुण्याला आणि नवरा गेल्यापासून नागपुरात एकट्या. तिसरे वानखेडे. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, अजून तिथंच राहणारे, बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. क्लासमधले एकमेव पुरुष!

मॅडम म्हणाल्या, "फॅमिलीप्रमाणे माप सांगते. तुमच्याकडे मेंबर किती?"

"एक," पुष्पाताई म्हणाल्या.

"एक," मी म्हटलं.

"मी बी एकच," वानखेडे म्हणाले.

मॅडमनी वहीतून डोकं वर न काढताच सांगितलं, "म्हणजे तिघांची फॅमिली. मग अर्धा किलो घ्या!"

क्लास संपला तरी आमचे रविवार चालू राहिले. माझं स्वयंपाकघर मोठं, म्हणून माझ्याकडे. काम होतं ना! मला बोलवायला काहीच अडचण नव्हती.

*

पुदिन्याची जेली त्या क्लासमध्येच शिकवली होती. पेरू आणि पुदिना एकत्र उकळायचे, पाणी गाळायचं, साखर-लिंबू घालून आटवायचं. पुदिना उकळला की हिरवा राहत नाही. मॅडम त्यात हिरवा रंग घालायच्या. पुष्पाताईंनी साफ नकार दिला. "रंग कायले टाकायचा वं? आपल्याले खायचं हाये का भिंतीले लावायचं हाये?"

जेली झाली चहाच्या रंगाची. एक बाटली मी वरच्या मजल्यावरच्या काकांना दिली. दोन दिवसांनी ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "औषध फारच गुणकारी आहे हो तुमचं! सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे. खोकला पार बसला!"

मी वानखेड्यांना फोन करून सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "त्याईले सांगा, जेवणानंतर घ्या म्हणा."

*

जेलीचं पाणी गाळताना फडकं पिळायचं नसतं, नाहीतर जेली गढूळ होते. नुसतं टांगून ठेवायचं आणि वाट पाहायची. मी ते झोपाळ्याच्या कडीला टांगलं, खाली स्टीलचं पातेलं ठेवलं. बाकीचे दोघं घरी गेले. दुपारभर टप, टप, टप.

खरं सांगू? मला तो आवाज आवडला. आतल्या खोलीत पडल्या पडल्या वाटत होतं, हॉलमध्ये कुणीतरी आहे.

खालच्या बाईंना मात्र वाटलं, माझा नळ गळतोय आणि त्यांचं छत जाणार. त्यांनी परस्पर प्लंबर पाठवला. तो पाना घेऊन हॉलमध्ये आला, वर टांगलेल्या फडक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आजी, याचा मेन कॉक कुठं हाये?"

*

पुष्पाताईंनी एकदा भावाच्या बागेतली संत्री पिशव्या भरून काटोलच्या बसनं आणली. कंडक्टरशी भांडून आणली! मग आम्ही मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा जॅम, केला. त्यात संत्र्याची साल लागते. आतला पांढरा भाग खरवडायचा, साल दोऱ्यासारखी बारीक कापायची, मऊ शिजवायची. पुष्पाताईंनी ती सगळी साल एकटीनं कापली. बोटांना नुसता वास लागला होता. पहिली बाटली त्यांनी कुरियरनं पुण्याला मुलाकडे पाठवली आणि आमच्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

मुलगा म्हणाला, "मम्मी, छान आहे. पण त्यात सालं राहून गेली गं. आम्ही वेचून काढली."

आम्ही दोघं पुष्पाताईंकडे पाहत राहिलो. त्या म्हणाल्या, "हो रे बाप्पा, घाईत राहून गेली." फोन ठेवला आणि पुढचं संत्रं सोलायला घेतलं.

*

झाकणं लावायचं काम वानखेड्यांचं. नोकरीभर त्यांनी व्हॉल्व्ह आवळलेले. त्यातून बाटली गरमागरम भरली की थंड होताना झाकण आतून ओढून धरते. म्हणजे आधी वानखेडे, वरून हवा! त्या बाटल्या घरी उघडायच्या कशा?

एका सकाळी मला ब्रेडला जेली हवी होती. फडकं लावलं, गरम पाण्यात धरलं, दारात अडकवून पिळलं. झाकण हललं नाही. बाटली उघडायला घरात दुसरं माणूस लागतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार राग आला. कुणाचा ते माहीत नाही. शेवटी गाऊनवर ओढणी टाकून बाटली आणि ब्रेड घेऊनच खाली गेले. भाजीच्या ठेलेवाल्यानं एका हिसक्यात झाकण काढलं. मी त्यालाच पहिला ब्रेड लावून दिला. तो खाता खाता थांबला.

"आजी, पुदिना गोड काहून केला? घरी कोणी काही बोललं नाही?"

कोण बोलणार होतं!

तो सगळा राग मी पुढच्या रविवारी वानखेड्यांवर काढला. "एवढं घट्ट कशाला लावता हो?"

"मॅडम, हवा जाते ना आत."

"जाऊ द्या गेली तर! माझ्याकडे हवेशिवाय येतं कोण?"

पुष्पाताई हसल्या. वानखेडे हसले नाहीत. त्या दिवशीची झाकणंही त्यांनी तेवढीच घट्ट लावली.

*

मग ऊन तापलं. पेरू केव्हाच संपले होते, संत्रीही संपली. नागपूरच्या उन्हाळ्यात कढईपुढे उभं राहायचं म्हणजे आपलीच जेली करून घ्यायची. पुष्पाताई नातवाला सांभाळायला पुण्याला निघाल्या. "आता पावसाळ्यानंतरच," त्या म्हणाल्या. वानखेडे म्हणाले, "बराबर हाये." मीही "बरोबर आहे" म्हटलं आणि कढई घासून माळ्यावर टाकली.

पहिला रविवार मी झोपून काढला. दुसऱ्या रविवारी फळीवरच्या बाटल्या पुसल्या. तिसऱ्या रविवारी मला रडू आलं. पुदिन्यासाठी नाही.

पुण्याहून पुष्पाताईंचा फोन आला. "वानखेडे येते का वं?"

"नाही. काम कुठं आहे?"

"मंग बोलाव ना त्याले. काही तरी काम काढ."

"काम नाही तर कसं बोलावू?"

"तू बी अशीच आन् थो बी तसाच," म्हणाल्या आणि नातू पडला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

*

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी बेल वाजली. कॉलनीत कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. दारात वानखेडे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा लाल, हातात कापडी पिशवी. खापरखेड्याहून बसनं सीताबर्डी आणि तिथून दुसरी बस धरून आले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "झाकण निघूनच नाही राहिलं." आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जेलीची बाटली काढली.

मी बाटलीकडे पाहिलं. मग त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"खापरखेड्यात कोणी भेटलं नाही का उघडून द्यायला?"

"रविवार हाये ना. सारे आपापल्या घरी."

मी बाटली घेऊन खिडकीपाशी गेले. झाकणाला दोन बोटं लावली, तर ते अलगद फिरलं. आत जेलीत चमच्याएवढा खड्डा होता. मागे वळून पाहिलं. वानखेडे मान वर करून पंख्याकडे बघत होते.

मी झाकण परत लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं.

"भलतंच घट्ट आहे हो, वानखेडे," मी म्हटलं. "वेळ लागेल. बसा."